राजापूरचे खासदार

मधु दंडवते १९७१ ते १९९१ या वीस वर्षांत राजापूर मतदारसंघातून सलग पाच वेळा लोकसभेवर निवडून गेले आणि या वीस वर्षांपैकी सत्ताधारी बाकांवर त्यांना जेमतेम सव्वातीन वर्षे बसायला मिळाले. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री होते आणि डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० या अकरा महिन्यांत अर्थमंत्री. राजकीय चरित्रे लिहिण्याची आपल्याकडील रूढ पद्धत भूषविलेल्या पदांच्या यादीवर उभी असते आणि त्या पद्धतीने पाहिले तर दंडवत्यांची कारकीर्द दोन खात्यांच्या दोन नोंदींत आटोपते. परंतु संसद सदस्याचे काम म्हणजे नेमके काय, ते रोजच्या रोज कसे करायचे असते आणि हाती सत्ता नसताना त्यातून काय साधते, हे समजून घ्यायचे असेल तर उरलेली सोळा-सतरा वर्षेच अधिक बोलकी ठरतात, कारण मंत्र्याच्या मागे खाते उभे असते, सचिव असतात, फायली तयार होऊन येतात, तर विरोधी सदस्याजवळ सभागृहाची नियमावली, संसदेचे ग्रंथालय आणि स्वतःचा अभ्यास याखेरीज फारसे काही नसते.

या कामाची तयारी दंडवत्यांनी राजकारणातल्यापेक्षा वर्गातच अधिक केली, असे म्हणण्यास आधार आहे. २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे जन्मलेले दंडवते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. बेचाळीसच्या आंदोलनाचा संस्कार, समाजवादी पक्षाचे संघटनकार्य, १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहातील सहभाग आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ हा त्या पिढीच्या बहुतेक समाजवाद्यांचा सामायिक वारसा त्यांच्याकडेही होता, मात्र त्या वारशाला शास्त्राच्या शिक्षकाची शिस्त जोडली गेली होती. विधान मांडायचे तर आधी पुरावा मांडायचा, आकडा सांगायचा तर तो कोठून आला तेही सांगायचे आणि अवघड गोष्ट समोरच्याला कळेल इतकी सोपी करायची, ही वर्गातली सवय सभागृहात फार उपयोगी पडते. १९७० मध्ये ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य झाले आणि वर्षभरातच, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे पुष्कळांची राजकीय वाटचाल एव्हाना मध्यावर आलेली असते अशा वयात, ते लोकसभेत पोहोचले.

ती जागा मोकळी होण्याचे कारण दुःखद होते. १९५७ पासून राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे बॅरिस्टर नाथ पै यांचे १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावी निधन झाले. नाथ पै यांच्या वक्तृत्वाची आठवण कोकणात आजही निघते, पण त्यांच्या संसदीय कामाचा मोठा पुरावा वक्तृत्वाहून वेगळा आहे. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा अधिकार संसदेला नाही असा निर्णय दिला तेव्हा तो अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे घटनादुरुस्ती विधेयक नाथ पै यांनी मांडले. ते अशासकीय विधेयक होते, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतःच्या जबाबदारीवर मांडलेले. लोकसभा विसर्जित झाली आणि ते संमत न होताच बारगळले, तरी त्यातील आशय नोव्हेंबर १९७१ मध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीच्या रूपाने सरकारलाच आणावा लागला. विरोधी सदस्याने मांडलेला विचार सरकारने काही वर्षांनी आपला म्हणून स्वीकारावा आणि मूळ मांडणाऱ्याचे नाव कायद्यावर कोठेही नसावे, ही संसदीय जीवनातील नित्याची गोष्ट आहे. दंडवत्यांना राजापूरच्या जागेबरोबर हा वारसाही मिळाला.

मार्च १९७१ ची निवडणूक इंदिरा गांधींच्या लाटेची होती. काँग्रेसने देशात ३५२ जागा जिंकल्या आणि दंडवत्यांच्या प्रजा समाजवादी पक्षाला देशभरात अवघ्या दोन जागा मिळाल्या, त्यांपैकी एक राजापूरची. दोन सदस्यांच्या पक्षाला सभागृहात किती वेळ मिळतो याचा हिशेब केला की पुढच्या काळात दंडवत्यांनी नियमावलीवर एवढी मेहनत का घेतली ते उमगते. लोकसभेतील चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो. मोठ्या पक्षाच्या नेत्याला तासभर बोलता येते, छोट्या पक्षाच्या सदस्याला काही मिनिटांत आटोपावे लागते आणि ती मिनिटेही बहुधा दिवस मावळताना, सभागृह रिकामे होऊ लागल्यावर वाट्याला येतात. अशा सदस्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर मिळालेल्या वेळात आरडाओरडा करून वर्तमानपत्रात नाव आणायचे किंवा पक्षाच्या संख्याबळावर अवलंबून नसलेली जी साधने नियमांनी प्रत्येक सदस्याला सारखीच दिलेली आहेत ती पुरेपूर वापरायची. दंडवत्यांनी दुसरा मार्ग धरला.

या साधनांतील पहिले म्हणजे प्रश्न. लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांसाठी राखलेला असतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर सदस्याला उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि विषय तेथेच थांबतो. दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न वीसच असतात, त्यांपैकी तासाभरात प्रत्यक्ष चर्चेला येतात ते आणखी थोडे, आणि कोणाचा प्रश्न वर लागणार हे चिठ्ठ्यांवर ठरते. मूळ प्रश्नाची सूचना आगाऊ द्यावी लागत असल्याने त्याचे उत्तर खात्याने घासूनपुसून तयार केलेले असते, त्यामुळे खरी कसोटी उपप्रश्नाची. मंत्र्याच्या उत्तरात न सांगितलेले काय आहे हे अर्ध्या मिनिटात हेरून ते एका वाक्यात विचारावे लागते. लांबण लावली तर अध्यक्ष थांबवतात, मोघम विचारले तर मंत्री निसटतो. तोंडी परीक्षा घेण्याचा सराव असलेल्या प्राध्यापकाला हे काम चांगले जमले यात नवल नाही.

याशिवाय लक्षवेधी सूचना असते, जिच्यामुळे तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर मंत्र्याला निवेदन करावे लागते. तहकुबी सूचना असते, जी स्वीकारली गेली तर दिवसाचे सारे कामकाज बाजूला ठेवून त्या एकाच विषयावर चर्चा होते आणि म्हणूनच ती सहसा स्वीकारली जात नाही. अर्थसंकल्पातील खात्यांच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. एखाद्या मागणीची रक्कम घटवून एक रुपया करावी अशी सूचना दिली की त्याचा अर्थ त्या खात्याचे धोरणच अमान्य आहे असा होतो आणि शंभर रुपये कमी करावेत अशी सूचना म्हणजे विशिष्ट गाऱ्हाण्याची दखल घ्यायला लावणे. अशा सूचना मंजूर व्हाव्यात अशी अपेक्षा देणाऱ्याचीही नसते, कारण कपात सूचना मंजूर होणे हा सरकारवरील अविश्वासच ठरतो, पण त्या निमित्ताने बोलण्याचा हक्क मात्र पक्का होतो. येथे ध्यानात ठेवले पाहिजे की खातेवार स्थायी समित्या १९९३ मध्ये आल्या. त्यापूर्वी मंत्रालयांच्या खर्चाची छाननी जी काही होई ती बव्हंशी सभागृहातच, खुल्या चर्चेत होई, त्यामुळे आकडेवारी वाचून येणाऱ्या सदस्याला त्या काळात आजच्यापेक्षा जास्त महत्त्व होते. सभागृहाच्या कामकाजाचे रोजचे थेट प्रक्षेपणही तेव्हा नव्हते. बोलणे ऐकायला समोर सदस्य, वर पत्रकारांची गॅलरी आणि टिपून घ्यायला लघुलेखक, एवढाच श्रोतृवर्ग असल्यामुळे भाषण कॅमेऱ्यासाठी बेतण्याचा मोह कोणाला पडत नसे.

अशासकीय विधेयकाचे साधन मात्र एव्हाना बोथट झाले होते. शुक्रवारी दुपारचे अडीच तास अशा कामासाठी राखलेले असत, आणि आजही असतात, पण स्वातंत्र्यानंतर संसदेने संमत केलेल्या चौदा अशासकीय विधेयकांपैकी शेवटचे १९७० साली संमत झाले. म्हणजे दंडवते लोकसभेत आले तेव्हा हे दार बंद झालेले होते आणि त्यांच्या वीस वर्षांत ते एकदाही उघडले नाही. विरोधी सदस्याच्या नावावर कायदा नसणे हे त्याच्या अपयशाचे लक्षण मानणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती लक्षात घ्यावी.

साधने संसदेत होती, पण गाऱ्हाणी राजापूरची होती. त्या काळचा राजापूर मतदारसंघ म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग. त्यातूनच पुढे १९८१ मध्ये सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, कणकवली, देवगड या मुलखात शेती भातापुरती, उद्योग नाममात्र आणि घरटी एखादा कर्ता पुरुष मुंबईला, बहुधा गिरणीत. चाकरमान्याची मनिऑर्डर हाच अनेक घरांचा अर्थसंकल्प होता. मुंबईला जायचे तर आगबोट किंवा घाट-वळणांच्या रस्त्याने रात्रभर एसटी. आगबोट पावसाळ्यात बंद आणि रेल्वे तर नव्हतीच. अशा मतदारसंघात खासदाराकडून विहीर, साकव, शाळेची खोली या अपेक्षाही असतातच, पण खासदाराला स्वतःच्या शिफारशीने खर्च करता येणारा स्थानिक विकास निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. दंडवत्यांच्या सबंध कारकिर्दीत असा एक रुपयाही त्यांच्या हाती नव्हता. मतदाराला देण्यासारखे त्यांच्याजवळ होते ते पत्र, पाठपुरावा आणि सभागृहातील प्रश्न. एवढ्या भांडवलावर पाच निवडणुका जिंकता येतात, ही गोष्ट आज सांगितली तर अतिशयोक्ती वाटेल. निधी आल्यापासून खासदार हा ठेकेदारीच्या साखळीतला एक दुवा होऊन बसला आणि मतदारही त्याला त्याच मापाने मोजू लागला, हे मत कठोर वाटले तरी राजापूरचा जुना अनुभव त्याला पुष्टीच देतो.

जून १९७५ मध्ये या सगळ्या साधनांची कसोटी लागली आणि ती एका फटक्यात निकामी झाली. पक्षांतराला आळा घालणाऱ्या विधेयकाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या संसदीय समितीच्या कामानिमित्त दंडवते बंगळूरला गेले होते; अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही तेथे होते. २६ जूनला आणीबाणी जाहीर झाली आणि समितीच्या या सदस्यांना तेथेच अटक करून बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवण्यात आले. संसदेच्या कामावर असलेल्या सदस्यांची रवानगी तुरुंगात झाली आणि इकडे जुलैमध्ये भरलेल्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास आणि अशासकीय कामकाज ठरावाने स्थगित करण्यात आले. सभागृह शाबूत होते, मतदान होत होते, घटनादुरुस्त्याही झपाट्याने संमत होत होत्या, फक्त प्रश्न विचारण्याची सोय तेवढी काढून घेतली होती. हुकूमशाहीकडे झुकणाऱ्या सत्तेला संसदेतील नेमकी कोणती गोष्ट खुपते, हे यातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही ग्रंथातून होणार नाही. संसदेच्या कामकाजाचे वृत्त छापणाऱ्यांना संरक्षण देणारा १९५६ चा कायदाही त्याच काळात रद्द करण्यात आला. तो कायदा फिरोज गांधींच्या अशासकीय विधेयकातून झालेला होता.

प्रमिलाताई दंडवते त्याच वेळी येरवड्याच्या तुरुंगात होत्या. पती बंगळूरला आणि पत्नी पुण्याला, अशा या दोन तुरुंगांमध्ये पत्रव्यवहार चाले. समाजवादी कुटुंबांत तुरुंगवास हा सांगण्या-मिरवण्याचा विषय फारसा नसे आणि येथेही त्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. सहा वर्षे प्रश्न विचारणारा माणूस उत्तरे देण्याच्या जागी जाऊन बसला की दोनपैकी एक घडते: तो खात्याची भाषा बोलू लागतो, नाहीतर आपलेच जुने प्रश्न खात्याला विचारू लागतो. दंडवत्यांच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली. तिसरा वर्ग रेल्वेने काही वर्षांपूर्वी कागदोपत्री रद्द केला होता, पण त्याच लाकडी फळ्यांच्या डब्यांना दुसरा वर्ग म्हणून चालवले जात होते आणि कोट्यवधी प्रवासी त्या फळ्यांवर रात्र काढत होते. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील बाकांना दोन इंच जाडीच्या फोमच्या गाद्या बसवण्याचा निर्णय घेतला. पहिल्या वर्गाला खाली आणण्यापेक्षा दुसऱ्याला वर आणणे ही आपली समता, अशी त्यामागची त्यांची भूमिका होती. सुरुवातीला मुख्य मार्गांवरील गाड्यांत आणि पुढील दशकभरात बहुतेक गाड्यांत ही सोय झाली. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस ही केवळ दुसऱ्या वर्गाची, म्हणजे वर्गभेद नसलेली गाडी होती. तिच्यात पुढे वातानुकूलित डबे जोडले गेले आणि वर्गभेद परत आला, पण गाद्या राहिल्या. भारतीय समाजवादाने प्रत्यक्षात काय दिले असा प्रश्न अनेकदा तुच्छतेने विचारला जातो. त्याच्या उत्तरादाखल हे दोन इंच मोजून दाखवता येतात.

याच काळात १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना परत कामावर घेण्याचा निर्णय झाला. मे १९७४ मधील तो संप तीन आठवडे चालला होता आणि सरकारने तो मोडून काढला होता. संपाच्या बाजूने सभागृहात बोलणारेच आता सत्तेवर असल्याने हे करणे नैतिकदृष्ट्या सोपे होते, तथापि शिस्तीच्या नावाने प्रशासनाचा असा निर्णयांना विरोध असतोच. आरक्षणाच्या संगणकीकरणाचा विचारही दंडवत्यांच्याच कारकिर्दीत पुढे सरकला. संगणकामुळे नोकऱ्या जातील ही कामगार संघटनांची धास्ती तेव्हा खरीखुरी होती, आणि त्या संघटनांमध्ये वाढलेला मंत्री ती दूर करायला अधिक योग्य होता. प्रत्यक्ष संगणकीय खिडक्या उघडल्या त्या ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, दुसऱ्याच पक्षाच्या राजवटीत. रेल्वेच्या कामात पेरणारा आणि कापणारा क्वचितच एक असतो. जनता राजवटीचे संसदीय दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती, जिने लोकसभेची मुदत सहा वर्षांवरून पुन्हा पाच केली, अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी पुकारण्याची वाट बंद केली आणि संसदीय वृत्तांकनाच्या संरक्षणाला राज्यघटनेतच स्थान दिले.

जुलै १९७९ मध्ये ते सरकार कोसळले. मधु लिमये आणि जॉर्ज फर्नांडिस हे समाजवादी सहकारी चरणसिंगांच्या बाजूला गेले, दंडवते चंद्रशेखर यांच्याबरोबर जनता पक्षात राहिले. या फुटीचा हिशेब समाजवाद्यांनी आपापसांत पुढे कित्येक वर्षे मांडला आणि तो कधीच जुळला नाही. १९८० मध्ये दंडवते पुन्हा विरोधी बाकांवर आले, आता जनता पक्षाचे लोकसभेतील एक प्रमुख वक्ते म्हणून, आणि त्याच सभागृहात मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून निवडून आलेल्या प्रमिलाताईही होत्या. १९८४ च्या डिसेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत, काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या, जनता पक्ष देशभरात दहा जागांवर आला आणि त्या दहांत राजापूर होते. पक्षाचा वारा असो वा नसो, मतदारसंघ माणसाला ओळखतो, याचा एवढा स्पष्ट दाखला महाराष्ट्राच्या निवडणूक इतिहासात फार वेळा सापडत नाही.

१९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा अखेर आला. बंगळूरच्या ज्या समितीचे काम अटकेने खुंटले तिच्यापुढचाच तो प्रश्न होता. राज्यघटनेला जोडलेल्या दहाव्या अनुसूचीने पक्ष सोडणाऱ्या किंवा पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व रद्द करण्याची तरतूद केली, पण विधिमंडळ पक्षाच्या एक तृतीयांश सदस्यांनी मिळून पक्ष सोडला तर ती फूट मानून त्यांना अभय दिले. एकट्याने पक्ष सोडला तर गुन्हा आणि टोळीने सोडला तर तत्त्व, अशी ही विचित्र रचना होती. तिचा चटका दंडवत्यांना पाच वर्षांनी स्वतःला बसला: नोव्हेंबर १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार १४२ विरुद्ध ३४६ मतांनी पडले आणि चंद्रशेखर यांनी याच तरतुदीच्या आडोशाने जनता दल फोडून पंतप्रधानपद मिळवले. दंडवते विश्वनाथ प्रताप सिंहांबरोबर राहिले. ती एक तृतीयांशाची सवलत २००३ च्या घटनादुरुस्तीने काढून टाकण्यात आली.

त्या सरकारात दंडवते अर्थमंत्री होते आणि त्यांच्या कारकिर्दीतील हा भाग सर्वांत कमजोर म्हणावा लागतो. मार्च १९९० मध्ये त्यांनी अर्थसंकल्प मांडला. शेतकऱ्यांचे दहा हजार रुपयांपर्यंतचे थकीत कर्ज माफ करण्याची निवडणुकीतील घोषणा त्यात प्रत्यक्षात आणली गेली. गरजू शेतकऱ्याला तिचा दिलासा मिळाला खरा, मात्र सहकारी पतसंस्थांची वसुलीची शिस्त त्यानंतर ढिली झाली ती झालीच. वाढती तूट, घटती परकीय गंगाजळी आणि ऑगस्टमध्ये कुवेतवरील इराकी आक्रमणानंतर भडकलेले तेलाचे दर या तिहेरी संकटाला अल्पमतातील आघाडी सरकारजवळ उत्तर नव्हते. एक निर्णय मात्र टिकला. १९६३ पासूनच्या नियमांतून आणि १९६८ च्या कायद्यातून चालत आलेले सुवर्ण नियंत्रण, ज्याने चौदा कॅरटची सक्ती आणून हजारो सोनारांचा धंदा बुडवला होता आणि तस्करी मात्र थांबवली नव्हती, ते दंडवत्यांनी रद्द केले. मोरारजी देसाईंचे हे अपत्य त्यांच्याच एके काळच्या मंत्रिमंडळातील सहकाऱ्याने मोडीत काढले आणि त्याबद्दल कोणी अश्रू ढाळले नाहीत.

याच अकरा महिन्यांत कोकण रेल्वेचा प्रश्न सुटला. किनारपट्टीला समांतर रेल्वे व्हावी ही मागणी अ. ब. वालावलकर आणि नाथ पै यांच्यापासून चालत आलेली होती आणि दंडवत्यांनी विरोधी बाकांवरून ती वर्षानुवर्षे मांडली होती. स्वतः रेल्वेमंत्री असताना त्यांनी आपटा ते रोहा या टप्प्याला चालना दिली. रूळ रोह्याला पोहोचले ते १९८६ मध्ये. पुढचा सातशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग डोंगर, खाड्या आणि कोसळत्या दरडींतून जाणारा असल्याने नियोजन आयोगाच्या निकषांवर तो कधीच ‘किफायतशीर’ ठरत नसे. रेल्वेच्या अंदाजपत्रकात एवढे पैसे कधीच निघणार नाहीत हे वीस वर्षांच्या अनुभवाने दंडवते जाणून होते. १९९० मध्ये रेल्वेमंत्रिपदी जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्रिपदी दंडवते असा योग जुळला आणि स्वतंत्र महामंडळ काढून रोख्यांद्वारे बाजारातून पैसा उभारण्याचा मार्ग मोकळा झाला. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के, अशी विभागणी ठरली. जुलै १९९० मध्ये महामंडळाची नोंदणी झाली, ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रे देण्यात आली आणि सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली. सरकार पडले ते त्यानंतर दोन महिन्यांच्या आत. हे महामंडळ आणखी एका वर्षावर ढकलले गेले असते तर १९९१ च्या आर्थिक संकटात त्याचे काय झाले असते, याचा अंदाज करायला अर्थतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

१९७९ मध्ये वेगळे झालेले दोन समाजवादी अकरा वर्षांनी एका मंत्रिमंडळात येऊन हे काम करतात, यात योगायोगाचा भाग आहेच, तथापि योग जुळला तेव्हा काय करायचे याचा आराखडा तयार असणे हा योगायोग नसतो. अल्पायुषी सरकारात मंत्र्याला खाते समजून घ्यायलाच सहा महिने जातात. दंडवत्यांना या एका प्रश्नाचे जुने सर्व्हे, नाकारल्याची कारणे आणि आकड्यांतील पळवाटा विरोधी बाकांवरच पाठ झालेल्या होत्या, म्हणून त्या अकरा महिन्यांचे सोने झाले.

आणि त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, १९९१ मध्ये, राजापूरने त्यांना पराभूत करून काँग्रेसच्या उमेदवाराला निवडून दिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या होत्या, मुंबईच्या चाळीतून कोकणात जाणारे राजकारण बदलले होते, शिवसेनेचे बळ वाढत होते आणि समाजवादी संघटनेची जुनी शाखा-शाखांची वीण उसवली होती. यात कृतघ्नता शोधणे व्यर्थ आहे, कारण मतदार मागच्या कामाची पावती देण्यासाठी मत देत नाही आणि देऊही नये. १९९६ नंतर संयुक्त आघाडीच्या सरकारांच्या काळात दंडवते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, म्हणजे ज्या आयोगाचे निकष कोकणच्या आड येत होते त्याच आयोगाच्या कारभाराची सूत्रे त्यांच्याकडे आली. तोवर रुळांचे काम संपत आले होते आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग वाहतुकीस खुला झाला.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत दंडवत्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघही नकाशावरून गेला आणि त्याचा प्रदेश रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नव्या मतदारसंघात विलीन झाला. नाथ पै आणि दंडवते या दोघांनी मिळून सुमारे चौतीस वर्षे या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले, तेही बहुतांश विरोधी बाकांवरून. त्यांच्या भाषणांचे आणि प्रश्नांचे खंड लोकसभेच्या छापील इतिवृत्तांत आहेत. आजच्या खासदारांच्या कामाचे मोजमाप उद्घाटनाच्या कोनशिलांवरून करणाऱ्या मराठी अभ्यासकांनी आणि पत्रकारांनी त्या इतिवृत्तांपैकी निदान एका अधिवेशनाचा खंड काढून वाचावा.